अर्ध्या वॉटचा वॉकी-टॉकी: भाताच्या राखणीला हंगामभर वापरून

बेळगावजवळच्या खानापूरच्या पश्चिमेला, जांबोटी-कणकुंबीच्या पट्ट्यात, भात पोसवलं की गवे शिवारात उतरतात. राखणीच्या माळ्यावर मोबाईल असून नसल्यासारखाच. म्हणून पावसाआधी परवाना न लागणाऱ्या वॉकी-टॉकीची जोडी घेतली. आता मळणी उरकली, तरी जोडी वापरात आहे.

खोक्यावर ‘१० किमी रेंज’ छापलंय, ते दोन डोंगरमाथ्यांवरून बोलणाऱ्यांसाठी. आमच्याकडे मोकळ्या शिवारात दीड-दोन किलोमीटर स्वच्छ ऐकू येतं. मध्ये ओलं रान आलं की निम्म्यावर. टेकाडाच्या पल्याड तर नुसती खरखर. पण तोच सेट घेऊन माळ्यावर चढलं की मघाशी न लागलेला माणूस लागतो. या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, तेव्हा उंची मिळवा.

चुलतभावाचं म्हणणं, पाच वॉटचा घेऊया, ऑनलाइन स्वस्त मिळतो. मी नको म्हटलं. परवान्याशिवाय चालतो तो ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा, जास्तीत जास्त अर्ध्या वॉटचा सेट. ही सूट २०१८ च्या केंद्राच्या नियमांतली. त्यावरही डब्ल्यूपीसीची (केंद्राच्या दूरसंचार खात्याची वायरलेस शाखा) ईटीए, म्हणजे त्या मॉडेलला मिळालेली मंजुरी, असलीच पाहिजे. खरेदीआधी विक्रेत्याकडून त्या मंजुरीचा नंबर मागा. टाळाटाळ केली तर दुसरं दुकान बघा. हॅमचा (हौशी रेडिओवाल्यांचा) परवाना काढून शेतीचं काम बोलायचं म्हणाल, तर तो त्यासाठी नसतोच. बाकी सीमाभागात राहून एवढं तरी सुख: हा नियम केंद्राचा, त्यामुळे चोर्ला घाटाखाली गोव्यात उतरा नाहीतर महाराष्ट्रातल्या चंदगडात जा, सेट तोच चालतो. (सीमाप्रश्नातला एक तरी विषय मिटलेला!)

सेटमधल्या ‘प्रायव्हसी कोड’च्या सोयीवर भुलू नका. त्याने दुसऱ्यांची बडबड आपल्याला ऐकू येत नाही इतकंच. आपलं बोलणं त्या चॅनेलवर कुणीही ऐकू शकतो. शिवाय कोड लावला की पहिला शब्द खाल्ला जातो. ‘गवे आले’मधलं नुसतं ‘आले’ पोचतं, आणि आबा विचारतात, ‘कोण आलं रे?’ बटण दाबून क्षणभर थांबायचं, मग बोलायचं.

बॅटरी रात्रभर पुरते, तक्रार नाही. चार्जिंगच्या भोकावरचं रबरी झाकण मात्र श्रावणातच ढिलं पडलं. तेव्हापासून सेट प्लास्टिकच्या पिशवीत. काजूच्या दिवसांआधी आणखी एक जोडी घेणार आहे, याच ताकदीची.