बदललेल्या बोर्डांमागचे जुने वायरिंग

पुण्यातील पेठेतले आमचे घर 1960च्या दशकातले आहे. भिंतीत गाडलेल्या पाइपांतून ओढलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या वायरी, चिनी मातीचे किटकॅट फ्यूज आणि अर्थिंगचा पत्ता नाही, अशी तेथील अवस्था होती. पावसाळ्यात बाथरूमच्या नळाला हात लावला की झिणझिण्या येऊ लागल्या, तेव्हा काम आणखी पुढे ढकलणे शक्य नव्हते. ओळखीच्या दुकानदाराने सुचवलेल्या एका इलेक्ट्रिशियनने ‘संपूर्ण घराचे नवे वायरिंग, अर्थिंगसह’ असे सांगून 65,000 रुपये घेतले आणि डोळ्यांना दिसतो तेवढाच भाग बदलून दिला. अशी फसवणूक नेमकी कशी केली जाते, हे इतरांना वेळीच ओळखता यावे म्हणून सविस्तर लिहीत आहे.

काम संपले तेव्हा शंकेला जागा नव्हती. पांढरेशुभ्र बोर्ड, तीन पिनांची सॉकेटे, दाराजवळ एमसीबीची, म्हणजे जादा भार आल्यास आपोआप पडणाऱ्या खटक्यांची, नवी पेटी आणि त्या पेटीत वीज झिरपताच पुरवठा तोडून शॉकपासून संरक्षण देणारा 30 मिलिअँपियरचा आरसीसीबी. ‘काकू, आता निर्धास्त राहा,’ असे आईला सांगून तो गेला. आरसीसीबीवर ‘टी’ अक्षराचे एक छोटे बटण असते आणि ते अधूनमधून दाबून पाहायचे असते. मी ते दाबले. खट्‌कन खटका पडला, पण डोक्यावरचा पंखा फिरतच राहिला. पेटी उघडल्यावर कारण समजले. आरसीसीबीला आत येणारी जोडणी होती, बाहेर जाणारी एकही नव्हती. घराचा सगळा पुरवठा थेट मेन स्विचवरून एमसीबींना दिलेला होता. जुन्या वायरींतून वीज झिरपत असल्यामुळे आरसीसीबी सारखा पडला असता आणि आतले वायरिंग बदललेलेच नाही हे उघड झाले असते, म्हणून हा उपद्व्याप.

त्यानंतर परवानाधारक कंत्राटदाराला बोलावून सर्व बोर्ड उघडले. प्रत्येक बोर्डात नव्या तांब्याच्या वायरीचे वीतभर तुकडे होते आणि पाइपाच्या तोंडाशी ते जुन्या अ‍ॅल्युमिनियमला पीळ देऊन वर चिकटपट्टी गुंडाळलेली होती. तांबे आणि अ‍ॅल्युमिनियम यांचा असा उघडा जोड कालांतराने सैल होऊन तापतो, त्यामुळे घर पूर्वीपेक्षा अधिक धोकादायक झाले होते. सॉकेटमधील अर्थिंगचा प्रकार तर संतापजनक होता. अर्थच्या पिनेतून निघालेली हिरवी वायर त्याच सॉकेटच्या न्यूट्रलला, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरीला, जोडलेली होती. अशा जोडणीत पाठीमागे कोठे न्यूट्रल तुटला तर फ्रिज किंवा वॉशिंग मशीनच्या पत्र्यातच 230 व्होल्टचा दाब येतो. बाजारात मिळणारा तीन दिव्यांचा सॉकेट टेस्टर हा दोष दाखवत नाही; न्यूट्रल आणि अर्थ एकत्र असले तरी तो ‘सर्व ठीक’ असेच सांगतो. त्या टेस्टरवर विसंबून राहू नये.

फसवणूक ओळखण्याची सर्वांत सोपी खूण म्हणजे बाहेर निघालेली जुनी वायर. घराचे वायरिंग खरोखर बदलले तर जुन्या वायरींचा मोठा ढीग निघालाच पाहिजे. आमच्या इलेक्ट्रिशियनने ‘भंगार मीच नेतो, तेवढे पैसे बिलातून कमी करतो’ असे सांगितले होते. ती सवलत नव्हती, पुरावा नाहीसा करण्याची सोय होती. तो ढीग घरमालकाने स्वतःच्या ताब्यात ठेवावा. नव्या वायरीचे कॉइल साधारणपणे 90 मीटरचे असते. किती कॉइल आणली आणि किती उरली याचाही हिशेब मागावा. नुसती नामांकित कंपनीची खोकी पाहून उपयोग नाही, कारण बोर्डातील तुकडे त्याच कंपनीचे होते. वायरीवर छापलेला आयएसआय चिन्हाखालील परवाना क्रमांक ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर तपासता येतो.

दिवे, पंखे, फ्यूज, स्विच यांची साधी अदलाबदल वगळता घरातील वीजजोडणीचे काम परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडूनच करून घ्यावे, असा केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा नियम आहे. तरीही आपण दुकानदाराच्या शब्दावर माणूस ठरवतो आणि परवाना विचारायला संकोचतो. नंतर बोलावलेल्या कंत्राटदाराने परवाना न मागताच दाखवला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, भाव सांगण्याआधी त्याने मेगर, म्हणजे वायरीच्या आवरणातून वीज झिरपते का हे मोजणारे यंत्र, लावून 500 व्होल्टवर प्रत्येक सर्किटचे इन्सुलेशन मोजले. निदान 1 मेगओहम अपेक्षित असताना बाथरूमच्या सर्किटचे माप जवळजवळ शून्य आले. पहिल्या इलेक्ट्रिशियनने मात्र उंबरठ्यात उभे राहूनच रक्कम सांगितली होती. कामानंतर पुन्हा तेच माप घेऊन ते सहीशिक्क्यासह लेखी देणे आणि त्यानंतरच शेवटचा हप्ता घेणे त्याने स्वतःहून मान्य केले.

पहिल्या माणसाने पक्के बिल दिले नव्हते, परंतु पैसे ऑनलाइन दिल्यामुळे नोंद राहिली आणि उघडलेल्या बोर्डांची छायाचित्रे दुरुस्तीपूर्वीच काढून ठेवली होती. ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे 1915 क्रमांकावर, तक्रार नोंदवल्यानंतर त्याने फोन उचलणे बंद केले. आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करत आहोत. 5 लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणांना तेथे शुल्क नाही आणि मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. बोर्डांतून निघालेले ते जोड एका पिशवीत भरून, कंत्राटदाराच्या लेखी अहवालासह, अर्जासोबत देण्यासाठी ठेवले आहेत.