कामाच्या ग्रुपवर नुसतं वाचावं की लिहावं?

आमच्या एका मोटरचं बेअरिंग दर तीन-चार महिन्यांनी जायचं. मेंटेनन्सवाल्यांच्या एका ऑनलाइन ग्रुपवर मी तोवर दीड वर्ष होतो आणि तिथे एक अक्षर लिहिलेलं नव्हतं. जुन्या चर्चा उपसल्या. बहुतेकांनी अलाइनमेंट आणि ग्रीसवर बोट ठेवलेलं. दोन्ही करून पाहिलं, तरी बेअरिंग ठरल्या वेळी गेलंच. शेवटी, दोनदा टाइप करून दोनदा खोडल्यावर, प्रश्न टाकला. पहिलं उत्तर म्हणजे उलटा सवालच होता: ‘मोटर व्हीएफडीवर आहे का? जुनं बेअरिंग कापून रेसचा फोटो टाका.’ (व्हीएफडी म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र, रेस म्हणजे बेअरिंगमधली, गोळ्या जिच्यावर फिरतात ती कडी.)

कापलं. रेसवर पन्हळी पत्र्यासारख्या बारीक, सारख्या अंतरावरच्या आडव्या रेघा होत्या. व्हीएफडीमुळे शाफ्टवर, म्हणजे मोटरच्या फिरत्या दांड्यावर, येणारा करंट बेअरिंगमधून वाट काढत होता आणि बारीक ठिणग्या रेस खात होत्या. शाफ्टला ग्राउंडिंग रिंग (करंट जमिनीत सोडणारी कडी) आणि एका टोकाला इन्सुलेटेड (करंट अडवणारं) बेअरिंग, हा उपाय.

नुसतं वाचणं आणि लिहिणं यांतला मला दिसलेला मोठा फरक हाच. वाचणाऱ्याला दुसऱ्यांच्या प्रश्नांची उत्तरं मिळतात. विचारणाऱ्याला स्वतःच्या प्रश्नावर उलटे सवाल मिळतात. माझी शोधाशोध कमी पडली नव्हती, शब्द चुकला होता. मी ‘बेअरिंग’ शोधत होतो, शोधायला हवं होतं ‘व्हीएफडी’, आणि ते मला ग्रुपने विचारेपर्यंत माहीतच नव्हतं.

पण म्हणून नुसतं वाचणाऱ्यांना नावं ठेवायची नाहीत. ते बहुसंख्य असतात. वेबसाइट लोक कशा वापरतात याचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी 2006 मध्ये मांडलेला ढोबळ ठोकताळा असा: शंभरातले 90 वाचतात, 9 अधूनमधून लिहितात, आणि बहुतेक मजकूर उरलेल्या एकाचा. ब्लेअर नोनेकी आणि जेनी प्रीस या संशोधकांनी 2000 साली ईमेलवरचे चर्चागट मोजले, तेव्हा आरोग्याच्या गटांत गप्प सदस्य सरासरी 46 टक्क्यांच्या आसपास निघाले आणि सॉफ्टवेअर मदतीच्या गटांत 82. माझ्या मते यात नवल नाही. दुखणं ज्याचं त्याचं असतं, सॉफ्टवेअरचा एरर मात्र सगळ्यांना सारखाच येतो. एकाने विचारलं की बाकीच्यांचं भागतं. गप्प का राहता, या प्रश्नावर त्यांच्या पुढच्या पाहणीत सर्वात जास्त आलेलं कारण होतं ‘लिहायची गरजच पडली नाही’. काहींना तर न लिहिणं हीच ग्रुपला मदत वाटत होती, आणि रोजच्या शुभेच्छांचा पूर पाहिला की ते पटतंही.

गप्प राहण्याच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी होतो: शिकाऊ माणूस आधी बघूनच शिकतो. त्यासाठी माणसं कशी शिकतात याचे अभ्यासक जीन लेव्ह आणि एटिएन वेंगर यांची 1991 ची मांडणी पुढे केली जाते, की नवखा काठावरून हळूहळू आत येतो. पण त्यातले लायबेरियातले शिंपी आठवा. तिथली शिकाऊ मुलं कापड कापायला शेवटी शिकत, पण बटणं लावणं, हातशिलाई ही कामं पहिल्यापासून करत. काठावर असली तरी हातात सुई होती. ग्रुपवरचं बटण म्हणजे ‘आमच्याकडेही हेच झालं, मोटर इतक्या किलोवॅटची होती’ एवढी एक ओळ. तीही न लिहिता वर्षानुवर्षं वाचत राहणं ही शिकाऊगिरी नव्हे.

ओळख होण्याच्या बाबतीत तुलनाच नाही. लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनी जुलै 1991 मध्ये मिनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या चर्चागटात पॉझिक्सचे (ऑपरेटिंग सिस्टिमसाठीच्या मानकाचे) नियम कुठे मिळतील, एवढंच विचारलं होतं. तो साधा प्रश्न एक सर्व्हर सांभाळणाऱ्या एरी लेम्के यांच्या नजरेत भरला. पुढे त्यांनीच टोरवाल्ड्स यांच्या कामाला आपल्या सर्व्हरवर जागा दिली आणि फोल्डरला लिनक्स नाव दिलं.

लिहिण्याची किंमत मात्र खरी आहे. फोटोत नेमप्लेट दिसते, ड्रॉइंगच्या कोपऱ्यात ग्राहकाचं नाव असतं, आणि खोडलेल्या पोस्टचा स्क्रीनशॉट कुणाकडे तरी उरतोच. कंपनीचा नियम आड येत असेल तर खुशाल गप्प राहा, किंवा ज्याचं उत्तर नेमकं वाटलं त्याला खासगीत विचारा. वेळही जातो: प्रश्न टाकला की उलट्या सवालांना उत्तरं द्यायची जबाबदारी तुमची.

माझा कौल असा. नवखे असाल तर काही आठवडे वाचा. कोण मोजून बोलतो आणि कोण प्रत्येक गोष्टीवर बोलतो, हे कळू द्या. बोल्टचा टॉर्क, ग्रीसचा ग्रेड असल्या गोष्टी शोधून मिळतात, विचारू नका. पण नेहमीचे उपाय करूनही यंत्र ऐकत नसेल, तर तिसऱ्यांदा टाइप करा आणि पाठवा.

सात महिन्यांनी त्याच चर्चेत मी एक ओळ टाकली: बेअरिंग अजून शाबूत. त्या रात्री एका अनोळखी सदस्याचा खासगी मेसेज आला. तो माझ्याही आधीपासून ग्रुपवर होता. फोटो पाहून त्याने आपलं बेअरिंग कापलं, तशाच रेघा निघाल्या. हे ग्रुपवर लिही, असं मी त्याला म्हटलं. अजून लिहिलेलं नाही.