द्राक्षबागेतली वायरलेस सेन्सर यंत्रणा : एक हंगाम वापरल्यानंतरचा अनुभव, आणि त्या सीलबंद सेलबद्दल थोडं जास्तच

फळछाटणी, म्हणजे घड धरण्यासाठीची ऑक्टोबरच्या सुमाराची छाटणी होऊन बाग पोंग्यातून (डोळे फुटायच्या अवस्थेतून) बाहेर पडत होती, रोज दुपारनंतर आभाळ भरून येत होतं आणि नेमका तेव्हाच खालच्या पट्टीतला नोड, म्हणजे सेन्सरचे आकडे पाठवणारा रानातला डबा, बंद पडला. ज्याला लीफ वेटनेस, म्हणजे पानावरचा ओलावा मोजणारा सेन्सर जोडलाय, तोच. कंपनीला फोन लावला. उत्तर आलं, "सेल संपला असेल साहेब, पण त्यात सेल बदलता येत नाही, आख्खं युनिट बदलावं लागेल." युनिटची किंमत काही हजारांत. आतला सेल दोन-तीनशे रुपयांचा. हे लिहायला घेण्याचं कारण एवढंच आहे. बाकीचं बरं-वाईट ओघात येईल.

आमची बाग तासगाव तालुक्यात. वरचं रान मुरमाड, खालचं ओढ्याकडंचं काळं. द्राक्षाच्या जातींत सुपर सोनाका जास्त, थोडी शरद सीडलेस. यंत्रणा नेहमीचीच : घरावर गेटवे (नोडचे संदेश घेऊन इंटरनेटवर पोचवणारा डबा), रानात नोड, मोबाईलवर ॲप. लोरावर, म्हणजे कमी विजेत लांबवर संदेश पाठवणाऱ्या रेडिओ तंत्रावर चालणारी, ८६५ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातली. या पट्ट्याला आपल्याकडं परवाना लागत नाही. आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी जशा ओल्या पानांत जिरतात तशा या जिरत नाहीत, त्यामुळं मांडव गच्च भरल्यावरही सिग्नल टिकतो. घेताना याबद्दल शंका होती, पण त्या बाबतीत काही तक्रार नाही.

मी पैसे खर्च केले ते मातीतल्या ओलाव्यासाठी. म्हैसाळ उपसा सिंचन योजनेच्या पाण्याचं आवर्तन कधी येईल यावर आमचं सगळं गणित. दोन आवर्तनांच्या मधे विहीर पुरवून वापरायची म्हणजे ड्रीप किती वेळ सोडायचं हे नेमकं कळायला हवं. मुरमाड रानात सेन्सरनं ते काम चोख केलं. मुळांच्या थरात पाणी पोचलं की आलेख चढतो, त्याच्या खालचा सेन्सर हलला की समजायचं आता पाणी मुळांखाली वाया चाललंय. वरच्या पट्टीत ड्रीपचा वेळ मी यावरच कमी केला आणि वेलीनं काही कुरकुर केली नाही.

काळ्या रानात मात्र वेगळाच प्रकार. ही माती वाळली की आकसते, भेगा पडतात. भेग नेमकी सेन्सरच्या कडेनं गेली की सेन्सर आणि मातीच्या मधे हवा शिरते आणि ॲप सांगतं, रान कोरडंठाक आहे. हातानं उकरून बघावं तर वीतभर बाजूला मातीचा लाडू वळतोय. शिवाय आमच्या खालच्या रानात क्षार जास्त, त्यानं आकडा उलट बाजूला सरकतो. कंपनीनं सगळ्यांना एकच कॅलिब्रेशन, म्हणजे मोजमापाची जुळणी दिलीय. ती पोयट्याच्या रानाला ठीक असेल, काळ्या रानाला चालत नाही. सेन्सर पुन्हा बसवताना त्याच खड्ड्यातली माती चाळून, पाण्यात कालवून, चिखल करून त्यात बसवला. मग बरा चालायला लागला. तरीही काळ्या रानात मी आकड्याकडं बघत नाही, आलेख चढतोय की उतरतोय एवढंच बघतो.

पहिले काही आठवडे असेच गेले आणि मला वाटायला लागलं की एवढ्या पैशात हे काही परवडलं नाही. लीफ वेटनेसच्या सेन्सरकडं तोवर मी लक्षच दिलं नव्हतं. पॅकेजमधेच होता म्हणून बसवला. पानाच्या आकाराची पांढरी पट्टी, तिरकी करून ओलांड्याच्या (वेलीच्या आडव्या फांदीच्या) उंचीवर बांधलेली. दिसायला काहीच नाही. पण आज मला कोणी म्हणालं की यातली एकच वस्तू ठेव आणि बाकी परत दे, तर मी ती पट्टी ठेवीन.

कारण डाऊनी, म्हणजे द्राक्षावरचा केवडा रोग. द्राक्षवाल्याला हे सांगायला नको, पण सेन्सरचं महत्त्व कळायला थोडं खोलात जावं लागतं. डाऊनीचे बीजाणू पानावर पाण्याचा थर असेल तरच त्यात पोहून पर्णरंध्रापर्यंत पोचतात आणि आत शिरतात. आधीच लागण झालेल्या पानाखाली नवी पांढरी बुरशी उगवायला रात्रीचा अंधार आणि जवळजवळ शंभर टक्के आर्द्रता, तीही सलग काही तास लागते. म्हणजे पाऊस किती मिलिमीटर पडला यापेक्षा पान किती तास ओलं राहिलं हा खरा प्रश्न. आणि तो आकडा हवामानाच्या कुठल्याही अंदाजात मिळत नाही. अंदाज येतो जिल्ह्याचा किंवा तालुक्याचा, दव पडतं माझ्या ओढ्याकाठी.

ऑक्टोबरच्या शेवटी एका सकाळी ॲप उघडलं. पावसाचा थेंब नव्हता, आभाळही मोकळं होतं. तरी खालच्या पट्टीत रात्री अकराच्या सुमारापासून पान ओलं दाखवत होतं ते सकाळी साडेनऊ उलटून गेल्यावरही ओलंच. जाऊन बघितलं तर खरंच, घडाच्या देठापाशी पाण्याचे मणी तसेच लटकलेले आणि वरच्या पट्टीत पानं कधीच सुकलेली. एकाच बागेतली ही दोन वेगळी हवामानं, आणि आम्ही इतकी वर्षं दोन्हीकडं एकाच दिवशी एकच औषध मारत आलो. त्या दिवसापासून खालच्या पट्टीत सकाळी औषध न घालता नुसता ब्लोअर फिरवून दव झाडायला सुरुवात केली आणि आंतरप्रवाही औषध फक्त तिथंच, ओल्या तासांची संख्या वाढली की. वरच्या पट्टीच्या काही फवारण्या वाचल्या. डिझेल, मजुरी, औषध असं सगळं धरलं तर ॲपचं वर्षाचं भाडं त्यातच निघालं. फुलोऱ्यात खाली थोडे डाग आले, पण शेजारच्या गावात घडकुजीनं काय झालं ते बघता मला त्याचं दुःख नाही.

तर हा असा सेन्सर, आणि त्याचाच नोड ऐन मोक्याला बंद.

आता सेलबद्दल. आत ३.६ व्होल्टचा लिथियम थायोनिल क्लोराईड सेल असतो. आकार पेन्सिल सेलचाच, पण पेन्सिल सेल घालून चालत नाही, व्होल्टेज दुपटीहून जास्त. सेल उत्तम आहे, वर्षानुवर्षं टिकतो, पाण्याच्या आणि गॅसच्या मीटरमध्ये हाच वापरतात. कंपनीच्या पत्रकावर लिहिलंय, पाच वर्षं बघायला नको. माझा एका हंगामात संपला. का संपला, हे कंपनीनं सांगितलं नाही. पुतण्या सांगलीला इंजिनिअरिंगला आहे, त्यानं शोधून काढलं.

लोरामध्ये सिग्नल कमजोर असला की नोड तोच संदेश जास्त सावकाश, जास्त वेळ घेऊन पाठवतो. त्याला स्प्रेडिंग फॅक्टर म्हणतात, ७ पासून १२ पर्यंत. १२ वर गेलं की तेवढ्याच संदेशाला ७ च्या मानानं वीस पटींहून जास्त वेळ हवेत राहावं लागतं आणि तेवढा वेळ सेल जळतो. माझी खालची पट्टी खोलगटात, मधे पत्र्याचं शेड, गेटवे घराच्या भिंतीला. म्हणजे तो नोड पहिल्या दिवसापासून १२ वर. त्यात भर म्हणजे हा नोड संदेश पाठवल्यावर गेटवेकडून पोच मागतो. लाईट गेली की गेटवे बंद, पोच येत नाही, मग नोड तोच संदेश पुन्हा पुन्हा पाठवत बसतो. आमच्याकडं लाईट किती वेळा जाते हे काय सांगायचं. वरच्या पट्टीचे नोड गेटवेला समोरासमोर दिसतात, त्यांचे सेल अजून ठणठणीत आहेत.

सगळ्यात जास्त राग याचा आला की ॲपमध्ये बॅटरी शेवटच्या दिवसापर्यंत भरलेली दाखवत होती. या सेलचा स्वभावच असा आहे की व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतं आणि मग एकदम कोसळतं. व्होल्टेज बघून टक्केवारी दाखवणं म्हणजे काहीच न दाखवणं. किती संदेश गेले, कुठल्या फॅक्टरवर गेले, हे सगळं कंपनीच्या सर्व्हरवर नोंदलेलं असतं. त्यावरून सेल कधी संपणार याचा अंदाज सहज काढता येतो. छाटणीच्या आधी एक मेसेज आला असता की या नोडचा सेल बदला, तर ही सगळी कटकट झालीच नसती.

आणि बदलणार तरी कसा? झाकणाला स्क्रू नाही, कडा चिकटवून सील केलेल्या. पुतण्यानं हेक्सा ब्लेडनं जोडावरनं हळूहळू कापत नेलं. आत रबरी गॅस्केट कुठंच नाही, म्हणजे पाणी अडवायचं सगळं काम त्या चिकटवण्यावर सोडलेलं. सेल बोर्डाला डाखलेला. अशा सेलच्या अंगावर थेट डाख द्यायचा नसतो, तापला तर फुटू शकतो. म्हणून आधीच पट्ट्या लावलेला सेल मागवला, पट्ट्यांना डाख दिला, झाकण सिलिकॉननं बंद केलं. नोड सुरू झाला. कंपनी म्हणाली, वॉरंटी गेली. मी विचारलं, वॉरंटीत तुम्ही काय देणार होता? तर म्हणे, सेल वॉरंटीत येत नाही.

हा प्रश्न कोणाला नवा नाही, हे वाचून तर अजूनच चीड आली. सेन्सरच्या जाळ्यांवरचं संशोधन पंचवीसेक वर्षांचं आहे आणि त्याचा पहिला धडा वीज हाच आहे. २००२ साली अमेरिकेत ग्रेट डक बेटावर बर्कलीच्या संशोधकांनी समुद्रपक्ष्यांच्या बिळांत असे नोड ठेवले. पक्षी अंड्यावर असताना तिथं जाऊन सेल बदलणं शक्यच नव्हतं, म्हणून नोडनं बहुतेक वेळ झोपून राहायचं आणि क्षणभर उठून आकडा पाठवायचा, अशी आखणी करावी लागली. नेदरलँड्समध्ये २००५ ला डेल्फ्टच्या लोकांनी बटाट्याच्या शेतात उशिराच्या करप्यासाठी जाळं बसवलं. करपा आणि आपली डाऊनी एकाच कुळातल्या. त्यांच्या हाती मोजलेल्या आकड्यांपैकी जेमतेम २ टक्के लागले, आणि काय काय बिघडलं ते त्यांनी स्वतः छापून सगळ्या जगासमोर ठेवलं. आपल्याकडं आयआयटी मुंबईच्या गटानं ॲग्रीसेन्स नावानं नाशिकला सुला विनयार्ड्सच्या द्राक्षात मातीचा आणि पानावरचा ओलावा मोजला, तोही आताच्या या कंपन्या यायच्या कितीतरी आधी. एवढं सगळं उघड्यावर पडलेलं असताना शेतकऱ्याला विकायच्या डब्याला चार स्क्रू आणि एक गॅस्केट लावायला काय अडचण आहे, हे मला खरंच समजत नाही.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं. त्यानंतर कंपनीचा एक माणूस आला, ते सांगायलाच हवं, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. पोरगा चांगला होता. आल्या आल्या मोबाईलवर सिग्नलचा आकडा बघितला, उणे ११८ च्या आसपास (शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला). भिंतीवरचा अँटेना काढून पाण्याच्या टाकीवर पाईप उभा करून त्यावर चढवला, तर तोच आकडा उणे शंभरच्या आत आला आणि नोड १२ वरून ९ वर उतरला. पोच मागायचं बंद करून टाकलं. पंधरा मिनिटांनी पुढचा आकडा येतोच, एखादा चुकला तर बिघडत नाही. गेटवेला वायफाय राऊटरचा छोटा पॉवर बॅकअप मी माझ्या पैशानं लावला. त्याचा खर्च कंपनीनं द्यायला हवा होता असं माझं अजूनही मत आहे. पण ही सगळी कामं बसवतानाच अर्ध्या तासात झाली असती. सर्व्हिसबद्दलचं माझं मत त्या पोरामुळं बदललं, डब्याबद्दलचं नाही.

लीफ वेटनेसच्या पट्टीबद्दल एक सांगतो, हे कुठल्याच पत्रकात नाही. फवारलेल्या बोर्डो मिश्रणाचा आणि गंधकाचा थर तिच्यावर बसतो, आणि मग दुपारी बारालाही ती ओली दाखवते. फवारणीनंतर साध्या पाण्यानं भिजवलेल्या फडक्यानं पुसायची, साबण नको. आमच्याकडं हे काम आता पाणी सोडायला जाणाऱ्याकडंच दिलंय.

खरड छाटणी (एप्रिलच्या सुमाराची) उरकली, नूतनीकरणाचं बिल आलंय. काळ्या रानातल्या मातीच्या नोडचं भाडं मी भरणार नाही. वरच्या पट्टीतला एक आणि लीफ वेटनेसचा एक, एवढेच चालू ठेवतोय. ज्यांना ऑक्टोबरच्या आधी बसवायचंय त्यांनी विकणाऱ्याला समोर बसवून नोडचं झाकण उघडून दाखवायला लावा आणि सेल कुठला, कुठं मिळतो ते बिलावर लिहून घ्या. उघडत नसेल तर पैसे देऊ नका. गेटवेचे पैसेही प्रत्येकानं वेगळे मोजायची गरज नाही, उंचावर अँटेना असेल तर दोनेक किलोमीटर सहज निघतं. आमच्या वस्तीवरच्या चौघांशी बोलणं झालंय, ते नोड आणतील, गेटवे माझाच वापरायचा आणि भाडं वाटून घ्यायचं. कंपनी म्हणते एका गेटवेवर एकच खातं. त्यावर सध्या भांडण चालू आहे.