अर्धा दिवस, एक मंदिर: सेन्सोजी की गोकोकुजी?

टोकियोत मंदिरासाठी अर्धाच दिवस हाताशी असला, की बहुतेक जण थेट आसाकुसाचं सेन्सोजी गाठतात. त्यात वावगं काहीच नाही. पण बुन्क्यो भागातलं गोकोकुजी माहीत असेल, तर निवड इतकी सोपी राहत नाही.

दैवत दोन्हीकडे कान्नोन, म्हणजे आपला करुणेचा बोधिसत्त्व अवलोकितेश्वर. अजिंठ्यातला पद्मपाणी पाहिला असेल तर ओळख जुनीच. सेन्सोजीची मूर्ती ६२८ साली दोन कोळी भावांना सुमिदा नदीत सापडली अशी आख्यायिका आहे, आणि ती दर्शनाला खुली नसते. गोकोकुजी बरंच नंतरचं. शोगुन, म्हणजे जपानचा लष्करी शासक, त्सुनायोशीनं ते आईच्या इच्छेखातर १६८१ मध्ये स्थापलं. त्याच वर्षी इकडे रायगडावर संभाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला.

मंदिर म्हणून सेन्सोजी जुनं, पण इमारत म्हणून नाही. १० मार्च १९४५ च्या बाँबवर्षावात तिथलं मुख्य मंदिर जळालं. आज दिसतं ते १९५८ चं, काँक्रीटचं. गोकोकुजीचं मुख्य मंदिर मात्र १६९७ चं. १९२३ चा भूकंप आणि महायुद्ध, दोन्हींतून ते तगलं. जाड लाकडी खांब आणि वर ते प्रचंड छत पाहताना जुनं टोकियो खरोखर समोर उभं राहतं. माझं मन इथंच रमतं.

तरीही पहिल्यांदाच जपानला जात असाल, सोबत मुलं असतील, तर सेन्सोजीच निवडा. कामिनारीमोन या प्रवेशद्वाराचा सुमारे ७०० किलोचा लाल कंदील, मंदिराकडे जाणाऱ्या नाकामिसे गल्लीतली दुकानं, धुपाचा धूर अंगावर घेणारे भाविक... ही जिवंत लगबग गोकोकुजीत मिळणार नाही. शंभर येन टाकून ओमिकुजी, म्हणजे भविष्याची चिठ्ठी, काढा. भविष्य वाईट निघालं तर खट्टू होऊ नका, इथं तशा चिठ्ठ्या बऱ्याच निघतात. ती चिठ्ठी तिथंच बांधून मोकळं व्हायचं. फक्त अकरा वाजता जाऊ नका, गर्दीत काहीच धड दिसत नाही. मंदिर सकाळी सहाला उघडतं, हिवाळ्यात साडेसहाला. दुकानं मात्र त्या वेळी बंद असतात.

प्रवेश दोन्हीकडे मोफत. गोकोकुजीला याच नावाच्या मेट्रो स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच दरवाजा. पण पुढे दगडी पायऱ्या चढाव्या लागतात, तेव्हा गुडघेदुखीवाल्यांना सेन्सोजीचा सपाट रस्ताच बरा.