क्योतोतला पावसाचा दिवस: कियोमिझूची चढण की सान्जूसान्गेन्दो?

क्योतोत एकच दिवस हातात आहे आणि सकाळी खिडकी उघडली तर रिपरिप सुरू. जूनमध्ये हे हमखास होतं. अशा वेळी दोन बेत समोर असतात: कियोमिझू-देरा हे मंदिर बघून सान्नेन्झाका, निनेन्झाकाच्या पायऱ्या उतरत यासाकाच्या देवळापर्यंत चालायचं, किंवा सान्जूसान्गेन्दो आणि केन्निन-जी ही दोन बौद्ध मंदिरं गाठून बराचसा वेळ छपराखाली काढायचा. आईला घेऊन गेलो तेव्हा लागोपाठ दोन ओल्या दिवसांत मी दोन्ही केले.

पहिला बेत देखणा आहे, यात वाद नाही. कियोमिझूचा १६३३ सालचा लाकडी सज्जा दरीवर १३ मीटर उंच उभा आहे. ढग खाली उतरले की समोरची झाडी दिसेनाशी होते आणि पुन्हा उजळून वर येते. तेवढ्यासाठी मी परत जाईन.

पण उतरताना छत्र्या आड आल्या. अकराच्या सुमाराला सान्नेन्झाकाच्या अरुंद गल्लीत चढणारे आणि उतरणारे एकाच पायऱ्यांवर. छत्री उंच धरली की शेजारच्या छत्रीचं पाणी मनगटावरून बाहीत शिरायचं, खाली घेतली की दुसऱ्याच्या काड्या थेट डोळ्यांसमोर. दगड ओले होऊन निसरडे झालेले. या पायऱ्यांवर जो पडतो तो तीन वर्षांत मरतो, अशी तिथली जुनी समजूत आहे, आणि ती मी आईला वर असतानाच सांगून बसलो होतो. तिचा एक हात माझ्या दंडावर, दुसऱ्यात छत्री, नजर पायांखाली. खाली आल्यावर विचारलं, "ती जुनी लाकडी घरं बघितलीस ना?" म्हणाली, "अरे, मी पायऱ्याच बघत होते."

माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

दुसऱ्या दिवशी केइहान लाइनने शिचिजोला उतरलो. पावसात खच्चून भरणाऱ्या बसपेक्षा ही गाडी बरी, आणि पुढे चालणंही फार नाही. सान्जूसान्गेन्दोच्या दारात छत्री ठेवली, बूट काढले. आत फोटोला मनाई असल्याने हात मोकळे आणि नजरही मोकळी. जवळजवळ १२० मीटर लांब, अंधुक मंडपात कान्नोनच्या, म्हणजे अवलोकितेश्वराच्या, १,००१ मूर्ती. त्यांच्यापुढे २८ रक्षक देवता, ज्यांतल्या कित्येक मूळच्या आपल्याकडच्या. बासरी वाजवणाऱ्या गरुडापुढून आई हलेना. रांगेच्या एका टोकाला वाऱ्याचा देव, दुसऱ्या टोकाला ढोलांचं कडं पाठीशी घेतलेला मेघगर्जनेचा देव, आणि बाहेर कौलांवर पाऊस वाजतोय.

तिथून दोन स्टेशनांवर गिओन-शिजो. जवळच्या केन्निन-जीत हेच दोन देव सोनेरी पडद्यावर भेटतात. जपानी चित्रकार सोतात्सूच्या मूळ चित्राची ती प्रतिकृती आहे, तरी बघावीच. पण खरा ठेवा आतली चोओन्तेई बाग. चारही बाजूंच्या ओसऱ्यांवरून दिसणारी, शेवाळ आणि मेपलची. नावाचा अर्थ भरतीच्या आवाजाची बाग. पागोळ्या गळत होत्या, शेवाळ इतकं हिरवंगार की कोरड्या दिवशी ते तसं दिसत असेल असं वाटत नाही. आई तासभर बसली असेल.

त्रास इकडेही आहे. प्रत्येक ठिकाणी बूट काढायचे, आणि मोजे ओले असले की लाकडी जमीन तळव्यांना गार झोंबते. पिशवीत कोरडा जोड ठेवा.

तुम्ही एकटे असाल, पाऊस भुरभुर असेल आणि कियोमिझू चुकवायचंच नसेल, तर ते सकाळी सहाला उघडतं. दुकानं उघडण्याआधी त्या गल्ल्यांत छत्र्यांची दाटी नसते. बरोबर वयस्कर माणूस असेल, तर मी तरी दुसराच बेत सुचवेन. सान्जूसान्गेन्दो जूनमध्ये साडेआठला उघडतं, केन्निन-जी त्यानंतर, तेव्हा सुरुवात शिचिजोपासून करा.