फिरती विज्ञानगाडी: त्या एका प्रतिकृतीसाठी तरी बोलवाच

मागच्या शुक्रवारी दारव्हा तालुक्यातल्या आमच्या शाळेत फिरती विज्ञानगाडी आली. मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते. रॉकेटं सगळेच दाखवतात. यांच्याकडे 2023 मध्ये जपानहून सुटलेल्या 'एक्सरिझम' उपग्रहावरच्या 'रिझॉल्व्ह' या क्ष-किरण वर्णपटमापीची उघडता येणारी प्रतिकृती होती.

क्ष-किरणाचा एक फोटॉन (प्रकाशकण) आदळला की यंत्रातला शोषक, म्हणजे किरण शोषून घेणारा तुकडा, कणभर तापतो. किती तापला यावरून फोटॉनची ऊर्जा कळते, आणि ऊर्जेवरून किरण जिथून आले तिथे लोह आहे की सिलिकॉन ते. त्यासाठी अशा शोषकांच्या 36 चौकटींचा शोधक 0.05 केल्विनवर, म्हणजे जवळपास उणे 273 अंश सेल्सिअसवर, ठेवावा लागतो. एवढं थंड कशाला? गाडीसोबतच्या ताई म्हणाल्या, "मे महिन्याच्या उन्हात काडी पेटवली तर ऊब जाणवते का? पौषातल्या पहाटे जाणवते." पोट्ट्यांना तिथेच उमगलं, आणि खरं सांगते, मलाही.

कक्षेत गेल्यावर या यंत्राचं झाकण उघडलंच नाही. त्यातल्या बेरिलियमच्या खिडकीत कमी ऊर्जेचे किरण अडतात, तरी काम सुरू आहे. "मग झाकण लावलंच कशाला?" एका मुलीने विचारलं. जमिनीवर असताना आतली निर्वात पोकळी टिकावी म्हणून, असं नीट उत्तर मिळालं.

तक्रार आहेच. 62 मुलांना 40 मिनिटं फार अपुरी पडली. आपल्या इस्रोच्या एक्स्पोसॅट उपग्रहावरच्या 'एक्सस्पेक्ट' या क्ष-किरण उपकरणाला एकच फलक, तोही हिंदीत. बोलावणार असाल तर आधीच दोन तासांचा वेळ मागून घ्या.