वादीचा पखवाज घ्यावा की नटबोल्टचा?

भजनी मंडळाला नवा पखवाज घ्यायचा म्हटलं की आमच्या बेळगाव भागात लगेच दोन तट पडतात. म्हातारी मंडळी वादीवर, म्हणजे चामडी पट्ट्यांनी ताणलेल्या पखवाजावर अडून बसतात, पोरांना लोखंडी बोल्टनं ताणायचा नटबोल्ट हवा असतो. मी बरीच वर्षं वादीचाच वाजवला. आता घरात दोन्ही आहेत. खोड, म्हणजे लाकडी अंग, शिसवीचं की आंब्याचं, पुडी, म्हणजे तोंडावरचं चामडं, किती इंची, हे तुम्ही बघालच. डाव्या पुडीवर थापायची कणीक तर दोन्ही पखवाजांना लागते.

नुसत्या आवाजाचं विचाराल तर वादीचा मला अजूनही उजवा वाटतो. 'धा'चा घुमारा जरा जास्त रेंगाळतो. खोडाचा गुण असेल, पुडीचा असेल किंवा माझ्या कानाचा. पैज लावणार नाही. नटबोल्टचा आवाज किंचित कोरडा. त्यात एखादा बोल्ट सैल राहिला की जी खरखर येते, ती माईकमधून देवळाबाहेरही ऐकू जाते. वजनाचं तर दुचाकीवर मागं पखवाज धरून बसणाऱ्यालाच विचारा.

तरी माझा कौल फिरला तो पट्टीपायी, म्हणजे सुरात लावण्यापायी. श्रावणात खानापूरकडच्या एखाद्या गावात भजन असतं. बाहेर झड, फरशी ओली. चामडं ओल धरतं आणि पुडी उतरते. वादीही चामड्याचीच, तीही सैलावते. घरून काळी दोनला, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीच्या सुराला लावून आणलेला पखवाज तिथं काळी एकच्याही खाली बोलतो. मग वादीखालचे लाकडी गट्टे ठोका, गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या विणलेल्या काठावर हातोडी घाला. काठाचं एक घर सुरात चढतं तोवर समोरचं उतरलेलं. बुवा पेटीवर सूर धरून बसलेले, टाळकरी आढ्याकडं बघतायत, आणि मागून कुणीतरी म्हणतं, "झालं काय ओ?" कसाबसा लागतो. तुकोबांचे दोन अभंग होतात, आणि पाहुणे आलेले कानडी बुवा पुरंदरदासांचं पद धरतात, काळी एकला! पुन्हा हातोडी. सीमेवरच्या भजनात हे चुकत नाही.

नटबोल्टला समोरासमोरचे बोल्ट पान्यानं थोडे थोडे फिरवत गेलं की पेटीवाल्याचं खायचं पान जुळेपर्यंत सूर लागतो. पुडी त्याचीही उतरते, पण बोल्ट ढिले पडत नाहीत. पुडी फाटली तर घरी बदलता येते. वादी ओढायला कारागीर लागतो, आणि आषाढी-गणपतीच्या तोंडावर त्याच्याकडं आधीच पखवाजांची रांग असते.

गंमत म्हणजे नवा आला आणि जुन्याबद्दलची माझी कुरकुर थांबली. आता त्याला पावसात नेत नाही. थंडीत घरच्या बैठकीला काढतो, तर तासन् तास पट्टी सोडत नाही. खोड बसलंय असं आम्ही म्हणायचो, त्या खोडात काहीच खोट नव्हती.

उन्हाळ्यात मात्र नटबोल्टला जपावं लागतं. चामडं आक्रसतं, लोखंड तसूभर सरकत नाही, आणि पुडी तडकते. वाजवून झालं की बोल्ट थोडे सैल करून ठेवलेले बरे.

एकाच देवळात, एकाच बुवांच्या मागं वाजवायचं असेल तर वादीचा जरूर घ्या, सुख आहे. गावोगाव फिरायचं असेल तर मी नटबोल्टच सुचवेन. दुकानात प्रत्येक बोल्ट पूर्ण सैल करून परत कसून बघा. आटे अडकत असतील तर दुसरा काढायला सांगा. आणि पाने दोन मागून घ्या, एक कुणीतरी नेतंच.